पदविका घेतल्यास

सर,

बुधवारी दुपारी आस्थापना विभागाचे अधीक्षक माझ्या केबिनमध्ये आले आणि त्यांनी टेबलावर एक मसुदा ठेवला. आरोग्य अधिकारी या रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवण्याबाबत, आणि खाली नाव माझं. तुमची खुर्ची, सर. तुम्ही निवृत्त झाल्यापासून त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या नावामागे कंसात 'प्र.' लागलेला आहे. प्र. म्हणजे प्रभारी, प्रभारी म्हणजे तात्पुरता, आणि सरकारी कामात तात्पुरतं किती वर्षं टिकतं ते तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या केबिनमधला तो लाकडी बोर्ड अजून भिंतीवर आहे. त्यावर तुमच्या नावापुढे पेंटरने जागा पुरत नसताना दाटीवाटीने बसवलेलं एम.बी.बी.एस., डी.पी.एच. अजून स्वच्छ वाचता येतं. त्याखाली पाच नावं आहेत आणि पाचही प्रभारी आहेत. सहावं माझं असणार होतं.

तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, लिहिल्या त्या टिपण्या, 'सादर' म्हणून सुरू होणाऱ्या आणि तुमच्या लाल शाईने निम्म्या होऊन परत येणाऱ्या. हे पत्र तेवढं नीटनेटकं होणार नाही. आज रविवार आहे, गंगापूर रोडच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसले आहे, समोर निवडायची मेथी पडली आहे आणि ती तशीच पडून राहणार असं दिसतंय. बुधवारी त्या अधीक्षकांनी मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला माहीतच होती. मला नव्हती, एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकापायी मी चार दिवस धड जेवलेले नाही.

पण आधी सातपूर. मी लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक होती. पाळी सुटली की कामगार यायचे, कुणाच्या बोटाला पत्रा लागलेला, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका चाळीतून काविळीचे पेशंट यायला लागले. डोळे पिवळे, जेवण जात नाही, उलट्या. रांग फाटकापर्यंत गेली. मी सकाळी आठला बसायचे ती चार वाजेपर्यंत उठायचे नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. एका बाईने माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "बाई, तुमच्या हाताला लय गुण हाय." त्या दिवशी मी घरी तरंगतच गेले. आणि मग तुमची जीप आली. तुम्ही एकाही पेशंटच्या पोटाला हात लावला नाहीत. सगळे केसपेपर गोळा करायला लावलेत, त्यातले पत्ते बघितलेत आणि रांगेतल्या माणसांना फक्त एकच प्रश्न विचारत सुटलात, "पाणी कुठलं भरता? किती वाजता येतं?" एका केसपेपरच्या पाठीवर तुम्ही चाळीचा नकाशा काढलात आणि खोल्यांवर फुल्या मारत गेलात. सगळ्या फुल्या एकाच अंगाला पडल्या. त्या अंगाला सकाळचं पाणी यायचं, पलीकडे संध्याकाळचं. तासाभरात तुम्ही मजूर बोलावून गटाराजवळ खणायला लावलंत आणि गटाराला लागून गेलेल्या पाण्याच्या पाइपचा गळका सांधा मला वाकून बघायला लावलात, नवी साडी नेसून आले होते तरी.

व्हॉल्व्ह बंद झाला, टँकर लागला. तुम्ही म्हणालात, "अजून महिनाभर पेशंट येतील, आधी प्यायलेल्या पाण्याचे. मग थांबतील." तसंच झालं. पण त्या दिवशी जीपमध्ये बसता बसता तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यात जास्त राहिलं. "डॉक्टर, तुम्ही चाळीस पेशंट बघितलेत, छान बघितलेत. एक्केचाळिसावा येऊ नये म्हणून काय केलंत?" सगळ्या स्टाफसमोर. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मनात म्हटलं, हा माणूस डॉक्टर आहे की प्लंबर. स्टेथोस्कोप बरा दिसत नाही याच्या गळ्यात, म्हणून गटारं उकरत बसतो. हे मी त्या दिवशी घरी नवऱ्यालाही सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. त्याचा स्वतःचा दवाखाना तेव्हा नुकता चालायला लागला होता. आमच्या दोघांच्या मते डॉक्टर म्हणजे ज्याच्यासमोर पेशंट बसतो तो.

तुम्ही मात्र माझ्यात काय बघितलं होतंत कोण जाणे. दर आठवड्याला मला जीपमध्ये घालून कुठे ना कुठे न्यायचात. कधी पाण्याच्या टाकीवर, कधी मंडईमागे, एकदा तर पेठ रोडला उसाचा रस काढणाऱ्याच्या बर्फाच्या लादीमागे लागून थेट बर्फाच्या कारखान्यात. तुमच्या खिशात ती छोटी डबी असायचीच, क्लोरीन तपासायची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे आणि पिवळं झालं की पाण्यात क्लोरीन आहे. आमच्या मुलाच्या बारशाला तुम्ही आलात तेव्हाही ती खिशात होती. बायका पाळणा म्हणत होत्या आणि तुम्ही सरळ स्वयंपाकघरात शिरून माझ्या सासूबाईंकडे माठातलं पाणी मागितलंत. सासूबाईंना वाटलं, तहान लागली असेल. तुम्ही ते नळीत ओतलंत. "अहो, रोज हेच पाणी पितो आम्ही!" त्या म्हणाल्या, आणि तुम्ही थेंब मोजता मोजता म्हणालात, "म्हणूनच बघतोय, ताई." पाणी पिवळं झालं. तुम्ही मान हलवलीत आणि मग निवांत बसून चार जिलब्या खाल्ल्यात. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट सांगायच्या आणि दर वेळी जिलब्यांचा आकडा वाढायचा.

जाताना तुम्ही माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंत. इतरांनी वाळे आणि वाट्या आणल्या होत्या. तुमच्या पुडक्यात तशीच एक नवी कोरी डबी होती आणि डबीखाली चार घड्या घातलेला एक फॉर्म. पुण्याच्या कॉलेजचा, सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेचा, तुमच्या त्या डी.पी.एच.चा. तुम्ही दारात चपला घालत म्हणालात, "सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा आहेत. दोन वर्षं. अभ्यास रजेचा अर्ज ऑफिसात द्या, माझी शिफारस मी आधीच लिहून ठेवली आहे. माझ्यानंतर या खुर्चीवर शिकलेलं माणूस पाहिजे." मी म्हटलं, "सर, मूल लहान आहे." तुम्ही आत बघितलंत, जिथे माझ्या सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि म्हणालात, "त्याचं व्यवस्थित चाललंय." सासूबाई तर तयारच होत्या. तू जा, मी बघते, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. तेव्हा मुलाचं कारण मी पुढे करत होते ते खोटंच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी अर्ज लिहिला. हे मात्र खरं आहे, सर, अर्ज मी लिहिला होता. नऊ दिवस तो माझ्या पर्समध्ये होता. ऑफिसात गेले की आवक विभागाच्या खिडकीवरून जायचे, आत तो सडपातळ, नवाच लागलेला कारकून शिक्के मारत बसलेला दिसायचा आणि मी पुढे निघून जायचे. मला दोन वर्षं मच्छरांच्या जाती आणि मृत्युदर पाठ करायचे नव्हते. मला पेशंट हवे होते, हाताला गुण आहे म्हणणाऱ्या बायका हव्या होत्या. आणि तरी पुढे कधीतरी तुमची खुर्ची हवी होती, गाडीसकट. खुर्ची हवी आणि पदविका नको, असं माझं साधं होतं. तुम्ही दर दोन दिवसांनी विचारायचात, अर्ज दिलात का. सातव्या दिवशी मी म्हटलं, "दिला, सर." नवव्या दिवशी तुम्ही विचारलंत, वरून काय झालं, आणि मी म्हटलं, "अजून काही आलं नाही." त्याच दिवशी फॉर्मची मुदत संपली. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली. त्याच दुपारी तुम्ही मला घेऊन थेट आवक विभागात गेलात. त्या कारकुनाने नोंदवही उघडली, पहिल्या पानापासून बोट फिरवत खाली आला आणि उभा राहून म्हणाला, "साहेब, मॅडमचा अर्ज आलेलाच नाय." तुम्ही म्हणालात, "आलेला आहे. तुम्ही हरवलात." तो म्हणाला, "नाय साहेब, आईशप्पथ, आलेला कागद मी चढवतोच." आणि तुम्ही, जे आयुष्यात कुणावर आवाज चढवत नव्हतात, टेबलावर हात आपटून म्हणालात, "माझी डॉक्टर खोटं बोलणार नाही." मी दारापाशी उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, मी आता काहीतरी बोलेन म्हणून. माझ्या खांद्याला पर्स होती आणि अर्ज त्या पर्समध्ये होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

त्याला मेमो मिळाला, महत्त्वाचा कागद गहाळ केल्याबद्दल. आठवड्याभरात त्याची बदली सातपूरच्या विभागीय कार्यालयात झाली. राहायला तो नाशिकरोडला होता, दोन बस बदलून जावं लागायचं. मी स्वतःला समजावलं, सातपूर म्हणजे काही काळं पाणी नव्हे, मीही तिथे होतेच की. आणि काही महिन्यांनी, सर, मी ते विसरले. लोक म्हणतात असल्या गोष्टी मनाला खातात. माझ्या मनाला काही खाल्लं नाही. तुम्हीही पूर्वीसारखेच वागत होतात. जीपमध्ये नेणं तेवढं हळूहळू कमी झालं. मला वाटलं, वय झालं, थकले असतील. सात वर्षांनी तुम्ही निवृत्त झालात. निरोप समारंभात मी तुमच्यावर छान बोलले, टाळ्याही पडल्या. तुम्ही शाल अंगावर घेऊन माझ्याकडे बघत होतात.

नंतर तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी एकदाच हॉस्पिटलमध्ये आले. तुम्ही फार वाळला होतात. नर्सने ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "डबी आणलीत का?" आणि आपण हसलो. मग वहिनी औषधं आणायला खाली गेल्या आणि तुम्ही जरा उठून बसलात. विचारलंत, "डॉक्टर, काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "नाही सर, सहज आले." अगदी ओठावर आलं होतं, पण बोलवलं नाही. तुम्ही उशीला टेकलात आणि म्हणालात, "बरं." तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

तुमच्या निवृत्तीपासून पाच प्रभारी आले आणि गेले. कुणी भूलतज्ज्ञ, कुणी हाडांचे डॉक्टर, एक बालरोगतज्ज्ञ. सगळे आपापल्या कामात चांगले, आणि गटाराजवळ कुठे खणायचं ते एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही. कोविडच्या वेळी एका प्रभागाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एका कागदावर तुमच्यासारखा नकाशा काढायला बसले. गल्ल्या काढल्या, घरं काढली, फुल्या मारल्या. फुल्या सगळीकडेच पडल्या आणि त्यातून काय वाचायचं ते मला कळेना. तासभर त्या कागदाकडे बघत बसले आणि शेवटी चुरगाळून टाकला. तुमची पदविका नुसती बोर्डावर नावापुढे लावायला नव्हती, हे त्या दिवशी मला पुरतं कळलं. पण कळलं म्हणून काय, तेव्हा मी पन्नाशीच्या घरात होते.

आता बुधवार. आस्थापनेचे अधीक्षक म्हणून जे मसुदा घेऊन आले ते म्हणजे तोच आवक विभागातला कारकून. सातपूरहून काही वर्षांनी परत आला, चढत चढत अधीक्षक झाला. आता केस पांढरे आहेत, चष्मा आहे, आणि जानेवारीत निवृत्त होतायत. इतकी वर्षं आम्ही जिन्यात भेटलो की नमस्कार-चमत्कार करतो. त्या अर्जाचा विषय कधी निघाला नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, दार लोटू का जरा?" आणि मसुद्यातल्या एका ओळीवर पेन्सिल ठेवली. त्यात लिहिलं होतं, तत्कालीन आरोग्य अधिकारी यांनी संबंधित डॉक्टरांबाबत 'आरोग्य अधिकारी पदासाठी पूर्णपणे योग्य' असा अभिप्राय दिलेला आहे. ते तत्कालीन म्हणजे तुम्ही. मला इतकं बरं वाटलं, सर. मग त्यांनी खिशातून माझ्या जुन्या गोपनीय अहवालाची झेरॉक्स काढली. तुमचं अक्षर, तुमची लाल शाई काळी होऊन आलेली. "सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतल्यास आरोग्य अधिकारी पदासाठी पूर्णपणे योग्य."

"टायपिस्टबाईंनी सोयीचं तेवढं घेतलं," ते म्हणाले. "वाक्य लांब होतं. मी दुरुस्त करणारच होतो. पण म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं. तुम्हाला न विचारता काय झालं, असं नको. कसं करायचं ते तुम्ही सांगा. असंच गेलं तरी वर कुणी जुना अहवाल उघडून बघणार नाय. पूर्ण वाक्य टाकलं तर मग प्रश्न येणार, पदविका घेतली का? सरळ हाय." माझ्या तोंडून निघालं, "सरांनी लिहिलं तेव्हा त्यांना वाटत असेल मी घेईन म्हणून." त्यांनी झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. "तारीख बघा, मॅडम. निवृत्तीच्या वर्षातली हाय. सातपूरला मला भेटून गेले, त्याच्या कितीतरी नंतरची."

मला काही कळेना. मी विचारलं, सातपूरला कशाला भेटले? तेव्हा त्यांनी सांगितलं. "माझ्या बदलीला वर्ष झालं होतं. साहेब फवारणी बघायला आले होते. काम झाल्यावर माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसले. म्हणाले, चूक माझी झाली. अर्ज आलाच नव्हता. तुमचा मेमो मी लेखी मागं घेतोय. मी म्हटलं, साहेब, आता वर्षाने तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, अर्ज खरंच हरवला असता तर डॉक्टर यंदा पुन्हा फॉर्म मागायला आल्या असत्या. आल्या नाहीत."

केसपेपरच्या पाठीवर फुल्या माराव्यात तसंच तुम्ही हेही काढलं होतंत. मी विचारलं, "मग मला का नाही बोलले?" ते म्हणाले, "मी पण विचारलं. म्हणाले, त्या स्वतःहून सांगतील. त्यांना जरा वेळ लागतो, पण सांगतील. तुम्ही काय बोलू नका. म्हणून मी नाय बोललो. आता दोन महिन्यांत जातोच हाय, म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

मी त्यांची माफी मागितली, सर. सव्वीस वर्षांनी, केबिनचं दार लोटून, आणि तीही धड जमली नाही. अर्ज माझ्या पर्समध्ये होता, मी तिथेच उभी होते, हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, "सातपूरला माझं काय वाईट झालं नाय. पुढं तिकडंच खोली घेतली, पोरींना शाळा जवळ झाली." मग चष्मा काढून पुसला. "फक्त आमच्या वडलांना लय लागलं होतं. गावाकडचा माणूस, पोरगा सरकारी कामाला लागला म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचे. त्यांना वाटलं मी खरंच कागद घालवला. मेमो मागं आला तोवर ते गेले होते." एवढं बोलून ते उठले, मसुदा टेबलावरच ठेवला आणि म्हणाले, "सावकाश बघा, घाई नाय." मी चहा मागवते म्हटलं. म्हणाले, नको, ॲसिडिटी होते.

मसुदा मी पर्समध्ये ठेवला. तुमच्या वेळी नऊ दिवस, या वेळी दोन. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोण विचारतंय आता पदविका? पाच जणांना विचारली का? दुसरा कुणी येऊन बसेल, तोही तसाच." त्याचं काही चुकत नव्हतं. मी नाही बसले तर कुणीतरी तसाच बसेल. शिवाय माझी चार वर्षं उरली आहेत आणि तो बोर्ड मी रोज बघते. बुधवारी संध्याकाळी मला अगदी पटलं होतं की अर्धं वाक्यसुद्धा तुमचंच आहे. गुरुवारी दुपारी एका मीटिंगमध्ये कुणीतरी आगाऊच मला आरोग्य अधिकारी मॅडम म्हटलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. ऐकायला फार गोड लागलं.

शुक्रवारी सकाळी मी मसुदा काढला. तुमच्या वाक्याच्या आधी माझ्या हाताने 'सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतल्यास' एवढे शब्द लिहिले. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात लिहिलं, सदर पदविका घेतलेली नाही. खाली शेरा टाकला, की पदविकाधारक उमेदवारासाठी नियमित पदाची जाहिरात काढावी, आणि तोपर्यंत कार्यभार दिलाच तर ही बाब आदेशात स्पष्ट नमूद करावी. मग तो कागद शिपायाकडे न देता मी स्वतः खाली आवक विभागात गेले. खिडकी तीच आहे, आत आता एक मुलगी बसते. ती गडबडीने उभी राहिली. "मॅडम, तुम्ही कशाला आलात? मीच वर पाठवलं असतं ना कुणाला तरी." मी म्हटलं, चढवून घ्या आणि मला पोच द्या. "पोच? आपल्याच ऑफिसात?" तिला हसू आलं, पण तिने शिक्का मारला, नंबर टाकला आणि सही करून कागद दिला. तो नंबर मी दोनदा वाचला. मग आस्थापनेत जाऊन अधीक्षकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि "बरं झालं," एवढंच म्हणाले. नवरा म्हणतो, पायावर धोंडा मारून घेतलास. घेतला असेल. वरून अजून काही आलेलं नाही, आणि या वेळी मी हे खरं सांगते आहे. तुम्हाला लगेच पटणार नाही, पण मला ती खुर्ची अजूनही हवीच आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. वहिनी मुलीकडे गेल्या, तुमचं घर विकलं गेलं. मी हे घडी करून तुमच्या डबीखाली ठेवीन, फॉर्म होता तिथे. थेंबांची बाटली केव्हाच वाळून गेली, डबी आहे. एक वाक्य मात्र मला आधी खोडायचं आहे. खोडत नाही, तुम्हाला खाडाखोड चालायची नाही, म्हणून इथेच लिहिते. हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलंत, काही बोलायचंय का, तेव्हा अगदी ओठावर आलं होतं, असं मी वर लिहिलंय. ते खरं नाही. तुम्ही वाट बघत होतात हे मला माहीत नव्हतं आणि मला तो अर्ज आठवलासुद्धा नव्हता. मी गाडी रस्त्यात लावून आले होते आणि कुणी उचलून नेली तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.